कॅप्टन पेडणेकरांचा नववा तारा

कॅप्टन पेडणेकरांना ऑगस्ट महिन्यात घरी जेवायला बोलावू नये, हे आम्ही एकदा बोलावल्यावर शिकलो.

सिंगापूरचा राष्ट्रीय दिन ऑगस्टात येतो. आमच्या सेंगकांगच्या इमारतींना तेव्हा मजल्यामजल्यावर झेंडे लागतात. कॅप्टन खालून वर बघत आले. आठव्या मजल्यावर त्यांना एक झेंडा उलटा, वरचे चंद्र-तारे खाली करून लागलेला दिसला आणि बाराव्या मजल्यावर यायच्याऐवजी ते आठव्यावरच उतरले. बेल वाजवली. दारात एक म्हातारी चिनी आंटी आली. तिला कॅप्टन म्हणाले, "आंटी, तुमचा चंद्र खाली पडलाय."

आंटीला आधी वाटलं विमावाला आलाय, मग वाटलं पोलीस. तिने जाळीचं दार लावून घेतलं आणि मुलाला फोन केला. इकडे आमची आमटी तीनदा गरम करून झाली. शेवटी माझा नवरा चपला अडकवून खाली शोधायला गेला, तर कॅप्टन व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे, हातात झेंड्याची दोरी, आणि आंटी दोन्ही हातांनी स्टूल धरून त्यांना ओरडतेय. वर आले ते संत्र्यांची पिशवी घेऊन. आंटीने दिलेली.

"पाचही तारे जागेवर आहेत," हात धुताना ते म्हणाले. "मोजले मी. तू मोजलेस कधी, मंजिरी? रोज त्याच लिफ्टने जातेस."

मी मोजले नव्हते. कोण मोजतं?

कॅप्टन मोजायचे. ऑर्चर्ड रोडवरच्या मोठ्या हॉटेलांसमोर झेंड्यांची रांग असते, तिथे हा माणूस फुटपाथच्या मधोमध उभा राहून बोटाने तारे, पट्टे मोजत असे आणि लोक त्यांना वळसा घालून जात असत. ऑफिसातही कोणी झेंड्याबद्दल काही बोललं, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी मोज, मग बोल."

कॅप्टन मूळचे मालवणचे. उमेदीची सगळी वर्षं जहाजांवर काढली आणि गुडघ्यांनी जिना चढायचं नाकारलं तेव्हा हार्बरफ्रंटला आमच्या छोट्या कंपनीत जहाजांची देखरेख करायला बसले. मी तिथेच क्रू विभागात होते. कोण कुठल्या जहाजावर चढणार, कोण उतरणार, कोणाचा व्हिसा, कोणाचं विमान, हे माझं काम. आमच्या धंद्यात जहाजाचा मालक एका देशातला, खलाशी दुसऱ्या देशातले, माल तिसऱ्याचा आणि मागे फडकणारा झेंडा कुठल्यातरी चौथ्याच बेटाचा, असं असतं. त्या बेटाचं नाव फायलीत टाईप करण्यापलीकडे त्याच्याशी आमचा संबंध नसे. कॅप्टनांना हे सहन होत नसे.

"ज्याच्या नावाने पोट भरतोस, त्याचा झेंडा तरी ओळख," असं म्हणून ते सुरू करत. किरिबातीच्या झेंड्यावर सूर्यावरून उडणारा पक्षी आहे. लंडनच्या तज्ज्ञांना तो लहान करायचा होता. बेटावरच्या लोकांनी सांगितलं, पक्षी एवढाच राहील. "बरोबर केलं!" कॅप्टन टेबलावर थाप मारत. नाउरूच्या झेंड्यावर मधोमध पिवळी रेघ, ती विषुववृत्ताची, आणि तिच्याखाली लगटून एक पांढरा तारा, तो म्हणजे ते बेट. "एक अंश खाली. आपण सिंगापूरवाले एक अंश वर. म्हणजे एका भिंतीचे शेजारी की नाही?" मधे हजारो मैल समुद्र पसरलेला आहे, हे त्यांना कोणी सांगायला जात नसे, कारण मग तेही सुरू होई. 'कॅप्टन येतायत' असं कोणी पुटपुटलं, की पॅन्ट्री रिकामी व्हायची.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तुवालूच्या झेंड्यात. आकाशी रंग, कोपऱ्यात इंग्रजांचा झेंडा, आणि उरलेल्या जागेत पिवळे तारे विखुरलेले. विखुरलेले म्हटलं की कॅप्टन भडकायचे. "विखुरलेले नाहीत! नकाशा आहे तो. वर उत्तर नाही, पूर्व आहे, म्हणून तुम्हाला कळत नाही. मान वाकडी कर." आणि खरोखर मान वाकडी करायला लावायचे.

तुवालू या नावाचा अर्थ, आठजण मिळून उभे. बेटं मात्र नऊ. नववं सगळ्यांत लहान, अगदी दक्षिणेला. तिथे पूर्वी कायमची वस्ती नव्हती. मग दुसऱ्या एका बेटावरची माणसं तिथे राहायला गेली. देश स्वतंत्र झाला तेव्हा झेंड्यावर नऊ तारे काढले. पुढे नव्वदच्या दशकात सरकारने ठरवलं, नावात आठ आहेत तर तारेही आठच हवेत. एक तारा गेला. मग कोपऱ्यातला इंग्रजांचा झेंडाही गेला, नवाच झेंडा आला. मग ते सरकार गेलं, आणि जुना झेंडा नऊच्या नऊ ताऱ्यांसकट परत आला.

"मधल्या काळात त्या बेटावर माणसं होती," कॅप्टन म्हणायचे. "चुली पेटत होत्या. आणि झेंड्यावर ती नाहीत! असं कसं करतात?"

आमचे साहेब मिस्टर लिम एकदा वैतागून, इथल्या सवयीने शेवटी 'ला' लावत म्हणाले, "कॅप्टन, आता परत आहे ना तारा? मग झालं ला. जहाजाचं बोला."

"झालं कसं?" कॅप्टन म्हणाले, आणि मिस्टर लिम केबिनमध्ये निघून गेले.

२०१४ की १५ साल असेल. आमच्या एका मालवाहू जहाजावर सेमिसी नावाचा खलाशी होता, तुवालूचा. जहाज सिंगापूरबाहेर नांगरावर उभं असताना त्याच्या छातीत कळ आली. लाँचने किनाऱ्यावर आणलं, हॉस्पिटलमध्ये ठेवलं, पण तो गेला. तिशीसुद्धा उलटली नव्हती. त्याचा चुलतभाऊ लोतो त्याच जहाजावर होता. त्याला आम्ही उतरवून घेतलं, म्हणजे शवपेटीबरोबर घरचं कोणी जाईल.

पेटी पाठवायचं काम माझ्याकडे आलं. हे काम मी आधीही केलं होतं, पण मनिला किंवा मुंबईला. इथे वाट अशी होती, की सिंगापूरहून फिजी, फिजीहून लहान विमानाने तुवालूची राजधानी, आणि तिथून सरकारी बोट. ती बोट लांबच्या बेटांकडे कधीमधीच जाते. माझ्या नशिबाने एक जाणार होती, पण ती गाठायची तर पेटी ठरलेल्याच विमानाने निघायला हवी होती. ते चुकलं की लहान विमान चुकणार, मग बोट चुकणार. पुढची बोट कधी, हे तिथल्या बोटीच्या ऑफिसातल्या बाईंनाही फोनवर सांगता येईना. "होप्फुली सून," एवढंच त्या म्हणाल्या. मी तो आठवडा नीट झोपले नाही.

कॅप्टनांनी एकच मागणी केली. पेटीवर त्याच्या देशाचा झेंडा हवा.

"विमान कंपनी झेंडा मागत नाही," मिस्टर लिम म्हणाले.

"विमान कंपनी त्याची आई नाही," कॅप्टन म्हणाले.

मिस्टर लिमनी मान डोलावली. जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानदाराकडे कॅप्टनांनी झेंडा सांगितला. त्याच्याकडे दुकानात नव्हता, कुठल्यातरी गोदामातून काढून देतो म्हणाला, आणि तो आला नेमका निघायच्या दिवशी सकाळी.

त्या सकाळी सगळं जुळलं होतं. अंत्यविधीचं काम करणारे मिस्टर गोह त्यांच्या जागेवर पेटी तयार करून बसले होते. आम्ही झेंडा घेऊन जायचं, तो पेटीवर घालायचा, मग गोह बाहेरचं लाकडी खोकं स्क्रूने बंद करणार आणि गाडी चांगी विमानतळाच्या कार्गोकडे निघणार. लोतो काळ्या शर्टात माझ्या टेबलाशेजारी बसला होता. मोठा, रुंद खांद्यांचा माणूस, पण खुर्चीत अंग चोरून बसलेला. मी टॅक्सी मागवत होते.

कॅप्टनांनी पुडकं फोडलं, झेंडा मीटिंगच्या टेबलावर पसरला, आणि बोटाने मोजायला लागले. मला हसू आलं. मग ते थांबले. परत पहिल्यापासून मोजले.

"मंजिरी, इकडे ये."

मी गेले.

"मोज."

मी मोजले. आठ.

"त्या वेळचा आहे हा," कॅप्टन म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "गोदामात पडून राहिलेला. बघ, घडीवर पिवळा पडलाय. हा नाही जाणार."

दुकानदाराला फोन केला. त्याच्याकडे दुसरा नव्हता. कॅप्टनांनी आणखी दोन दुकानांना फोन लावले. एकाने विचारलं, "कुठला देश?" दुसऱ्याने सांगितलं, मागवून देतो, दोन आठवडे. खाली टॅक्सी येऊन उभी राहिली होती. गोहचा फोन आला, "मिस, किती वेळ?"

"कॅप्टन, आहे तो घेऊ या," मी म्हटलं.

"नाही."

"अहो, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना?"

माझा तोल गेला. ऑफिसात मी मराठीत ओरडले, सगळे बघायला लागले. "कॅप्टन, तिकडे त्याची आई बोटीची वाट बघतेय, ताऱ्याची नाही! हे विमान चुकलं तर तो फिजीत पडून राहील, कळतंय का तुम्हाला? तुमच्या झेंड्याच्या वेडापायी तो फिजीत पडून राहील!"

लोतोला भाषा कळली नाही, पण भांडण कळलं. तो उठून टेबलापाशी आला. झेंडा बघितला. "सर, इट्स ओके," तो हळूच म्हणाला. "देवाला मोजता येतं."

मी सुटकेचा श्वास टाकला आणि झेंड्याची घडी घालायला लागले. कॅप्टनांनी माझा हात धरला नाही, काही नाही. फक्त लोतोकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठल्या बेटाचे?"

माझ्या फायलीत देश होता, बोट होती, बेट नव्हतं. म्हणजे असेलही, कुठल्यातरी पत्त्यात. मी वाचलं नव्हतं.

लोतोने झेंड्याच्या उजव्या टोकाला, जिथे नुसतं आकाशी कापड होतं, तिथे बोट ठेवलं. "निउलाकिता," तो म्हणाला.

कॅप्टन खाली बसले. खुर्ची थोडी मागे होती, पडलेच असते, मी सरकवली.

"म्हणजे गेलेला तारा..." मी म्हटलं.

"आमचा," लोतो म्हणाला. मग तो एकदम बोलायला लागला. आल्यापासून एवढं तो बोललाच नव्हता. तो आणि सेमिसी लहान होते तेव्हाची गोष्ट. रेडिओवर सांगितलं, की झेंड्यावर आता आठ तारे. म्हातारे चिडले, बडबडले. सेमिसीची आई रविवारपर्यंत थांबली. रविवारी प्रार्थना झाल्यावर ती पाद्रींकडे गेली आणि तिने विचारलं, "आमचं काय चुकलं?" पाद्री म्हणाले, काही नाही, सरकारचा निर्णय आहे. तिला ते पटलं नाही. पुढे तारा परत आला तरी ती अधूनमधून विचारायची, पण तेव्हा आमचं काय चुकलं होतं?

"ती किनाऱ्यावर उभी असेल, सर," लोतो म्हणाला. "झेंडा नसला तर चालेल. हा मात्र नको."

गोहचा पुन्हा फोन आला. मी तो घेतला नाही.

कॅप्टन उठले ते थेट सामानाच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा हातात एक पिवळाधमक कोरा झेंडा होता. जहाज बंदरात शिरताना हा चढवतं. त्याचा अर्थ, आमच्या जहाजावर रोगराई नाही, आम्हाला आत येऊ द्या.

"तो उद्या जहाजावर पाठवायचाय!" केबिनच्या दारातून मिस्टर लिम म्हणाले.

"दुसरा पाठवा," कॅप्टन म्हणाले आणि कात्री चालवली.

पहिला तारा कापला तो बघून मी डोळे मिटले. एक पाय आखूड, एक लांब, समुद्रातून काढलेल्या प्राण्यासारखा. मग लोतोने झेंड्यावरच्या एका ताऱ्यावर कागद ठेवून पेन्सिलीने नमुना काढला, कागद मी धरला, आणि दुसरा तारा बरा निघाला. शिवायचं कसं? मला बटणापलीकडे काही येत नाही. कॅप्टनांनी खणातून शिडाचं कापड शिवायची सुई काढली. ती सुई कसली, दाभणच.

"मला येतं," ते म्हणाले. "कॅडेट असताना शिकलोय."

"कधी शिवलं होतं शेवटचं?"

"कॅडेट असताना."

ते, मी आणि लोतो टॅक्सीत बसलो. मागच्या सीटवर मधे कॅप्टन, मांडीवर झेंडा, एक टोक माझ्या हातात, एक लोतोच्या. ड्रायव्हर अंकलने आरशात बघितलं आणि भुवया उडवल्या.

"अंकल, सरळ चालवा. धक्का नको," कॅप्टनांनी सांगितलं.

"घाई आहे की धक्का नको? एक काहीतरी सांगा ला," अंकल म्हणाले.

एक्स्प्रेस-वेवर चढलो आणि गाड्या उभ्या. पुढे कुठेतरी लॉरी बंद पडली होती. समोर नुसते गाड्यांचे लाल दिवे. चालतंय, थांबतंय, चालतंय, थांबतंय. प्रत्येक थांबण्याला सुई कुठे जाईल सांगता येत नव्हतं. एका ब्रेकला ती कॅप्टनांच्या अंगठ्यात गेली. हात ताबडतोब वर, झेंड्यापासून लांब, आणि मला म्हणाले, "खिडकी! खिडकी उघड!" अंगठा बाहेर काढून बसले. शेजारच्या बसमधली माणसं बघत होती. मी पर्समधला रुमाल बांधला आणि त्यांनी तशाच जाड अंगठ्याने पुढचा टाका घातला.

मधेच मला म्हणाले, "मंजिरी, विमान चुकलं तर मिस्टर लिमना सांग, माझ्यामुळे चुकलं."

"गप्प बसा आणि शिवा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना गप्प बसा म्हटलं होतं.

गोह त्यांच्या दारात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते. ताऱ्याची अजून दोन टोकं सुटी होती. गोहनी कार्गोला फोन केला, कँटनीजमध्ये काही बोलले, आणि फोन खिशात टाकून म्हणाले, "थोडा वेळ देतायत. पण मग मी निघणार, मिस. तारा असो की नसो."

पेटीशेजारी आम्ही झेंडा ताणून धरला. मी एका बाजूला, लोतो दुसऱ्या, आणि जागा सैल पडतेय बघून तिसऱ्या बाजूला गोहनीही धरला. कॅप्टन फरशीवर गुडघ्यांवर बसले. ते गुडघे, जे जिना चढत नव्हते. खोलीत दोऱ्याचा आवाज तेवढा येत होता. गोह वाकून टाके बघत होते.

"कॅप्टन," ते म्हणाले, "तुमचं शिवण फारच जिआलाट." म्हणजे भयंकर. पण झेंडा त्यांनी सोडला नाही.

शेवटची गाठ कॅप्टनांनी दाताने तोडली. उठता येईना, तेव्हा लोतोने दोन्ही काखांत हात घालून त्यांना उभं केलं. मग लोतोने एकट्यानेच झेंडा पेटीवर पसरला, कडा सारख्या केल्या, आणि त्या नव्या ताऱ्यावरून तळहात फिरवला. तारा जरा वाकडाच होता. बाकीच्या आठांपेक्षा जास्त पिवळा.

"आमच्याकडेही काही सरळ नाही," लोतो म्हणाला. पहिल्यांदाच जरा हसला, आणि मग त्याला रडू आलं.

गोहनी स्क्रू बसवले. गाडी गेली, लोतोही तिच्याबरोबर विमानतळावर गेला. मी कार्गोचा फोन येईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले. फोन आला. पेटी विमानात चढली होती. मी कॅप्टनांना सांगायला वळले, तर ते भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपले होते.

पुढचे काही दिवस आम्ही नकाशावर पेटीबरोबर प्रवास केला. लहान विमान मिळालं. बोट मिळाली. मग बरेच दिवस काही नाही, आणि शेवटी लोतोचा निरोप आला, की पोचलो, सगळं झालं, आई बरी आहे. मिस्टर लिमनी निरोप वाचला आणि कॅप्टनांच्या टेबलावर एक नवा पिवळा झेंडा ठेवून गेले.

त्यानंतर एके दुपारी माझा टेबलावरचा फोन वाजला. फार लांबून आल्यासारखा आवाज, मधेमधे खरखर. बेटावरचे पाद्री होते. त्यांना झेंडा पाठवणाऱ्या माणसाशी बोलायचं होतं. मी कॅप्टनांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.

"सेमिसीची आई इथे आहे," पाद्री म्हणाले. "ती म्हणते, तारा मिळाला. आणि ती म्हणते..." ते घुटमळले. "माफ करा. ती म्हणते, तुमच्या पत्नीला सांगा, टाके फार मोठे घातलेत."

कॅप्टन ताठ झाले. "पत्नी नाही मला," ते फोनकडे तोंड करून म्हणाले. "वारली. टाके मी घातलेत."

मला हे माहीत नव्हतं. ऑफिसात कोणालाच नसावं. आमचा समज होता, त्यांच्या मिसेस ठाण्याला असतात.

पलीकडे दोघांचं त्यांच्या भाषेत बोलणं झालं. मग पाद्री म्हणाले, "ती विचारते, मग तुम्हाला जेवायला कोण घालतं?"

कॅप्टनांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हॅलो?" पाद्री म्हणाले. "हे बघा, इथे संध्याकाळ झालीय, प्रार्थनेची घंटा मला वाजवायची आहे. मी फोन तिच्या हातात देऊन जातो. तिला इंग्रजी येत नाही. तुम्ही ठेवून द्या, तिला वाईट वाटणार नाही."

पावलं लांब गेली. फोनमधून वारा ऐकू येत होता, आणि एका बाईचा श्वास. मग दूरवर कोणीतरी लोखंडावर ठोकावं तशी घंटा. मी बटणाकडे हात नेला. कॅप्टनांनी मान हलवून नको म्हटलं.

बाई काहीतरी बोलली. दोन-तीन शब्द, शेवटी प्रश्नासारखे वर गेलेले.

कॅप्टन फोनवर वाकले. "मीच करतो," ते मराठीत म्हणाले. "भात लावतो. आमटी करतो. मासे मिळतात इथे, पण सुलभा करायची तसं नाही होत. चिंच जास्त पडते माझ्याकडून."

ती परत बोलली, या वेळी जास्त वेळ.

"हो ना," कॅप्टन म्हणाले. "तेच तर. आणि एकट्यासाठी करायचं म्हणजे कंटाळा येतो. तुमचं काय? तुम्ही जेवता का वेळेवर? जेवत जा."

मी उठले आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होते. खुर्ची पुढे ओढून, दोन्ही कोपर टेबलावर टेकून, आपली पाळी आली की बोलत होते, तिची आली की ऐकत होते. खाली धक्क्यावरून बाताम बेटाकडची फेरीबोट सुटली, दुसरी येऊन लागली, तरी बोलणं चालू होतं.

बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"मला काय कळतंय त्यांची भाषा?" कॅप्टन म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे चालायला लागले. मग थांबून मागे वळले.

"रविवारी परत फोन कर म्हणाल्या," ते म्हणाले. "बहुतेक."